सोरायटिक संधिवाताच्या उपचारांचा इतिहास आणि मुळशी तालुका : निदान, औषधनिर्मिती व उपलब्धता यांचा एक विचार

गोषवारा

सोरायसिस या त्वचाविकारासोबत होणारा संधिवात हा स्वतंत्र आजार आहे, ही गोष्ट वैद्यकशास्त्राला विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मान्य झाली. त्यापूर्वी त्वचेची तक्रार कुष्ठाच्या आणि सांध्यांची तक्रार वाताच्या सदरात पडत असे. प्रस्तुत लेखात या आजाराच्या ओळखीचा व उपचारांचा इतिहास पुणे जिल्ह्याच्या संदर्भात मांडला आहे. भिगवण (ता. इंदापूर) येथे १९९६ मध्ये सुरू झालेली संधिविकारांची पाहणी आणि घोटावडे (ता. मुळशी) येथे तयार होणारे एटानरसेप्ट हे जैविक औषध हे त्यातील दोन महत्त्वाचे टप्पे होत. औषध एखाद्या तालुक्यात निर्माण होणे आणि त्या तालुक्यातील रुग्णाला त्याचा लाभ होणे या दोन स्वतंत्र ऐतिहासिक प्रक्रिया आहेत, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजशब्द : सोरायसिस, संधिवात, मेथोट्रेक्सेट, एटानरसेप्ट, भिगवण, मुळशी, ग्रामीण आरोग्य.

१. प्रस्तावना

मुळशी तालुक्याचे नाव महाराष्ट्राच्या इतिहासात प्रामुख्याने सत्याग्रहाशी जोडलेले आहे. १९२१ मध्ये सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखाली मावळातील शेतकरी टाटा कंपनीच्या धरणाविरुद्ध उभे राहिले. अखेर धरण झाले, गावे पाण्याखाली गेली आणि या पाण्यावर चालणारे भिरा येथील वीजगृह १९२७ मध्ये सुरू झाले. ती वीज प्रामुख्याने मुंबईसाठी होती. विसाव्या शतकाच्या अखेरीस या तालुक्याचे रूप पुन्हा पालटू लागले. पश्चिमेकडील ताम्हिणीचा डोंगराळ पट्टा भातशेतीवर जगत राहिला, तर पूर्वेकडे हिंजवडी, माण, पिरंगुट, नांदे, घोटावडे या गावांच्या शिवारात संगणक उद्योग, कारखाने आणि औषधसंशोधन संस्था उभ्या राहिल्या.

यांपैकी घोटावडे येथील ल्युपिन कंपनीच्या जैवतंत्रज्ञान विभागात तयार होणाऱ्या एका औषधाला २०१९ मध्ये जपानमध्ये व २०२० मध्ये युरोपीय संघात मान्यता मिळाली. ते औषध म्हणजे एटानरसेप्ट. ज्या मोजक्या आजारांवर ते वापरले जाते त्यांत सोरायटिक संधिवात हा एक आहे. महाविद्यालयीन अध्यापकांना या घटनेची दखल औद्योगिक प्रगतीची बातमी म्हणून घेता येईल. तथापि इतिहासाच्या अभ्यासकापुढे एक वेगळा प्रश्न उभा राहतो. ज्या आजाराला दीर्घकाळ स्वतंत्र स्थान मिळाले नाही, त्याचे अत्याधुनिक औषध मुळशीत तयार होऊ लागले. मग त्याच मुळशीच्या एखाद्या वाडीत, अंगावर चट्टे आणि बोटांना सूज घेऊन बसलेल्या रुग्णापर्यंत हा इतिहास पोहोचला काय? या प्रश्नाच्या अनुषंगाने पुढील विवेचन केले आहे.

२. त्वचा आणि सांधे : दोन स्वतंत्र वाटा

आयुर्वेदाच्या संहितांमध्ये त्वचाविकारांचे वर्णन 'कुष्ठ' या व्यापक संज्ञेखाली येते. चरकसंहितेत कुष्ठाचे अठरा प्रकार सांगितले असून त्यांतील सात महाकुष्ठे व अकरा क्षुद्रकुष्ठे होत. त्यांपैकी एककुष्ठाच्या वर्णनात माशाच्या खवल्यांची उपमा येते, तर किटिभाच्या वर्णनात काळसर, खरखरीत त्वचेचा उल्लेख आहे. आजचे अनेक वैद्य सोरायसिसची तुलना या दोन प्रकारांशी करतात. सांध्यांच्या विकारांचा विचार मात्र वातव्याधी, वातरक्त आणि पुढे माधवनिदानात सविस्तर आलेला आमवात या स्वतंत्र प्रकरणांतून झाला. प्राचीन संज्ञा आणि आधुनिक रोगनाम यांची एकास एक जुळणी करणे शास्त्रीयदृष्ट्या धोक्याचे असते. येथे एवढेच नोंदवावयाचे आहे की, त्वचा एका प्रकरणात आणि सांधे दुसऱ्या प्रकरणात अशी विभागणी आपल्याकडे फार जुनी आहे.

युरोपातही परिस्थिती फारशी निराळी नव्हती. इंग्लंडमधील रॉबर्ट विलन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी या चट्ट्यांचे नेटके वर्णन केले. परंतु त्यांनी वापरलेल्या नावांत 'लेप्रा' हा शब्द कायम राहिला. परिणामी सोरायसिस आणि कुष्ठरोग यांची नावे एकमेकांत मिसळलेलीच राहिली. व्हिएन्नाचे फर्डिनांड फॉन हेब्रा यांनी १८४१ मध्ये हा घोळ निस्तरून सोरायसिसला कुष्ठरोगापासून वेगळे केले.

शास्त्रात झालेली ही फारकत समाजात उतरण्यास दीर्घ काळ लागला. कुष्ठरोगाचा जंतू हॅन्सन यांनी १८७३ मध्ये शोधला. त्याच्या पुढच्याच वर्षी डॉ. भाऊ दाजी लाड यांचे निधन झाले. मुंबईत कुष्ठरोगावर औषध शोधण्यासाठी त्यांनी आयुष्याची अनेक वर्षे खर्ची घातली होती. म्हणजेच त्यांच्या काळात या रोगाचे निदान मुख्यतः डोळ्यांनी पाहून आणि हातांनी तपासूनच करावे लागत असे. १८९० मध्ये मुंबईत अ‍ॅकवर्थ यांच्या पुढाकाराने कुष्ठरुग्णांसाठी आश्रय उभा राहिला आणि १८९८ मध्ये कुष्ठरुग्णांना वेगळे ठेवण्याची तरतूद करणारा कायदा झाला. निदान दृष्टीवर अवलंबून असताना रुग्णाला समाजापासून दूर करण्याचा अधिकार मात्र कायद्याने दिलेला होता. अशा काळात अंगभर खवले असलेल्या माणसाच्या वाट्याला काय येत असेल, याची कल्पना करणे कठीण नाही.

मराठीत कुष्ठरोगाला 'महारोग' हा शब्द रूढ होता. बाबा आमटे यांनी १९४९ मध्ये स्थापन केलेल्या संस्थेच्या नावातही तो आहे. या शब्दामागील भीती सोरायसिसच्या रुग्णांनाही चिकटली. वस्तुतः सोरायसिस हा संसर्गजन्य नाही. तो शरीराच्या स्वतःच्या प्रतिकारयंत्रणेतील बिघाडातून उद्भवतो. स्पर्शाने, एकत्र जेवणाने वा कपड्यांमुळे तो पसरत नाही. तरीही चट्टे झाकण्याची सवय रुग्णाला लागते. याचा वैद्यकीय परिणाम महत्त्वाचा आहे. सांधे दुखू लागल्यावर डॉक्टरांकडे गेलेला रुग्ण आपल्या डोक्यातील, कोपरावरील वा कमरेखालील चट्ट्यांविषयी आपणहून बोलत नाही आणि निदानाचा धागा तेथेच तुटतो.

३. स्वतंत्र आजार म्हणून ओळख

सोरायसिस आणि सांध्यांची सूज यांचा संबंध फ्रेंच वैद्य अलिबेर यांनी १८१८ मध्ये नोंदविला होता. १८६० मध्ये बाझँ यांनी त्याला सोरायसिसशी जोडलेले नाव दिले. असे असूनही पुढील शंभर वर्षे बहुतेक तज्ज्ञांचे मत असे होते की, एकाच माणसाला योगायोगाने सोरायसिस आणि ऱ्हुमॅटॉइड संधिवात असे दोन आजार झालेले असतात.

हे मत बदलण्यास रक्ताची एक चाचणी कारणीभूत ठरली. १९४० मध्ये वालर यांनी व १९४८ मध्ये रोझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'ऱ्हुमॅटॉइड फॅक्टर' हा घटक वर्णन केला. ऱ्हुमॅटॉइड संधिवाताच्या बहुसंख्य रुग्णांत तो आढळतो. सोरायसिससह संधिवात असलेल्या बहुतेक रुग्णांत मात्र तो आढळत नाही, असे दिसून आले. इंग्लंडमधील लीड्स येथील व्हर्ना राइट यांनी १९५० च्या दशकात या रुग्णांचा बारकाईने अभ्यास केला. १९६४ मध्ये अमेरिकेतील संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने आपल्या वर्गीकरणात या आजाराला स्वतंत्र स्थान दिले आणि १९७३ मध्ये मॉल व राइट यांनी त्याचे पाच प्रकार मांडले. २००६ मध्ये 'कॅस्पर' या नावाने ओळखले जाणारे आंतरराष्ट्रीय निकष प्रसिद्ध झाले. त्यांसाठी ५८८ रुग्ण आणि तुलनेसाठी अन्य संधिविकारांचे ५३६ रुग्ण तपासण्यात आले होते.

या निकषांचे वैशिष्ट्य असे की, त्यांतील बहुतांश भाग महागड्या यंत्राविना तपासता येतो. सांध्यांचा, मणक्याचा किंवा स्नायुबंध हाडाला जोडले जातात त्या जागेचा दाह असेल, तर पुढील गोष्टी पाहावयाच्या असतात : अंगावर सोरायसिस आहे वा पूर्वी होता काय, रक्ताच्या नात्यात कोणाला आहे काय, नखांवर शिंप्याच्या अंगुस्तानासारखे बारीक खड्डे पडले आहेत काय किंवा नख खालून सुटले आहे काय, एखादे बोट केवळ सांध्यापाशी न सुजता मुळापासून टोकापर्यंत सुजले आहे वा पूर्वी सुजले होते काय. याच्या जोडीला ऱ्हुमॅटॉइड फॅक्टरची रक्तचाचणी आणि हातापायांचे क्ष-किरण चित्र एवढ्यावर निकष पूर्ण होतात. हे पाहण्यासाठी पुरेसा प्रकाश, थोडा वेळ आणि प्रश्न विचारण्याची सवय या तीन गोष्टी प्रथम लागतात.

बहुसंख्य रुग्णांत त्वचेचा विकार आधी आणि संधिवात त्यानंतर, अनेकदा सुमारे दहा वर्षांनी येतो. काहींत दोन्ही बरोबरच सुरू होतात आणि थोड्या रुग्णांत सांधे आधी धरतात. याचा अर्थ असा की, त्वचारोगतज्ज्ञाकडे वा गावातील डॉक्टरकडे मलम मागण्यासाठी येणारा रुग्ण हा भावी संधिवाताचा रुग्ण असू शकतो. आजाराला सूचना देण्यास एवढा अवधी असतो. ती सूचना ऐकणारा कोणी असावा लागतो.

४. औषधांचा प्रवास : डांबरापासून मेथोट्रेक्सेटपर्यंत

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात सोरायसिसवर कोळशाच्या डांबराचे मलम आणि अतिनील किरण यांचा एकत्रित उपचार प्रचलित झाला. अमेरिकेतील गोकरमन यांनी तो १९२५ मध्ये मांडला. त्वचेला त्याने आराम पडे. सांध्यांना त्याचा उपयोग नव्हता. १९४९ मध्ये कॉर्टिसोनचा संधिवातावरील प्रभाव हेंच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जगासमोर आणला. अंथरुणाला खिळलेले रुग्ण काही दिवसांत चालू लागले. परंतु पोटातून घेतलेली स्टेरॉइडे एकाएकी थांबविल्यास सोरायसिस उसळून येतो व क्वचित अंगभर पुवाचे फोड येण्याइतका गंभीर होतो, हे पुढे स्पष्ट झाले. या अनुभवाचे महत्त्व आजही कमी झालेले नाही. 'सांधेदुखीवर हमखास' म्हणून मिळणाऱ्या बिनानावाच्या पुड्यांमध्ये स्टेरॉइड मिसळलेले असल्यास रुग्णाला झटपट बरे वाटते आणि पुडी संपल्यावर त्वचा व सांधे दोन्ही बिघडतात.

खरी कलाटणी मिळाली ती एका वेगळ्याच संशोधनातून. आंध्रातील भीमावरम येथे १८९५ मध्ये जन्मलेले येल्लाप्रगडा सुब्बाराव हे अमेरिकेत लेडर्ले प्रयोगशाळेत संशोधन करीत होते. फॉलिक आम्लाच्या कार्याला विरोध करणारी अमिनॉप्टेरिन व मेथोट्रेक्सेट ही संयुगे त्यांच्या गटाने विकसित केली. १९४८ मध्ये सिडनी फार्बर यांनी लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावर अमिनॉप्टेरिनचा उपयोग केला. त्याच वर्षी सुब्बारावांचे निधन झाले. १९५१ मध्ये गुबनर आणि सहकारी संधिवाताच्या रुग्णांना अमिनॉप्टेरिन देत असताना त्यांना सोरायसिसचे चट्टेही मावळताना दिसले. दोन वेगळ्या प्रकरणांत विभागलेली त्वचा आणि सांधे येथे एकाच औषधाला प्रतिसाद देत होते. १९६४ मध्ये ब्लॅक आणि सहकाऱ्यांनी सोरायटिक संधिवाताच्या २१ रुग्णांवर मेथोट्रेक्सेटची नियंत्रित चाचणी प्रसिद्ध केली.

या औषधाच्या इतिहासात मात्रेचा प्रश्न निर्णायक ठरला. कर्करोगासाठी वापरल्या जाणाऱ्या मोठ्या मात्रा संधिवातासाठी अनावश्यक व घातक होत्या. १९७१ मध्ये वाइनस्टाइन आणि फ्रॉस्ट यांनी आठवड्यातून एकदाच, बारा तासांच्या अंतराने तीन भागांत औषध देण्याची पद्धत सुचविली आणि 'आठवड्यातून एकदा' हे सूत्र रुजले. आज साधारणतः आठवड्याला १५ ते २५ मिलिग्रॅम एवढी मात्रा हळूहळू वाढवीत दिली जाते. सोबत वेगळ्या दिवशी फॉलिक आम्लाची गोळी दिली जाते. रक्तपेशी, यकृत आणि मूत्रपिंड यांच्या तपासण्या ठराविक काळाने कराव्या लागतात. मद्यपान टाळावे लागते आणि गर्भारपणात हे औषध पूर्णतः वर्ज्य आहे.

हीच गोळी चुकून रोज घेतली गेल्यास तोंडात व्रण पडतात, अस्थिमज्जेचे काम मंदावते आणि जीवही जाऊ शकतो. आपल्याकडे बहुतेक गोळ्या 'सकाळ-संध्याकाळ' घेण्याची सवय असल्याने हा धोका काल्पनिक नाही. औषधचिठ्ठीवर 'आठवड्यातून एकदा' एवढेच न लिहिता ठराविक वार मराठीत, ठळक अक्षरांत लिहावा, घरातील एका व्यक्तीला तो समजावून सांगावा आणि शक्य असल्यास तो वार आठवडी बाजारासारख्या न विसरणाऱ्या दिवसाशी जोडावा. हा उपाय बिनखर्चाचा आहे व त्याने जीव वाचू शकतो.

५. भिगवणची पाहणी आणि तिचा अर्थ

ग्रामीण भागात संधिविकार नेमके किती, हा प्रश्न भारतात दीर्घकाळ अनुत्तरित होता. जागतिक आरोग्य संघटना आणि संधिवाततज्ज्ञांची आंतरराष्ट्रीय संघटना यांनी १९८१ मध्ये 'कॉपकॉर्ड' हा कार्यक्रम सुरू केला. विकसनशील देशांत कमी खर्चात, गावपातळीवर संधिविकारांची मोजणी करणे हे त्याचे उद्दिष्ट होते. पुण्यातील सेंटर फॉर ऱ्हुमॅटिक डिसीजेस या संस्थेचे डॉ. अरविंद चोप्रा यांनी १९९६ मध्ये पुणे-सोलापूर मार्गावरील भिगवण या गावी या पद्धतीची पाहणी सुरू केली. गावातीलच प्रशिक्षित कार्यकर्ते घरोघर गेले. त्यांनी प्रश्नावली भरल्या आणि ज्यांना दुखणे होते त्यांची तपासणी डॉक्टरांनी केली.

या पाहणीत ४,०९२ प्रौढांची नोंद झाली. त्यांपैकी १८.२ टक्के लोकांना सांधे, स्नायू वा हाडे यांचे दुखणे होते. त्यांतील फार मोठा वाटा झीज होऊन होणारा संधिवात आणि स्नायूंची दुखणी यांचा होता. ऱ्हुमॅटॉइड संधिवाताचे प्रमाण सुमारे ०.५ टक्के आढळले. जगभरच्या अभ्यासांत सोरायटिक संधिवात सामान्यतः त्याहूनही विरळ असतो.

या आकड्यांचा अर्थ नीट लक्षात घेण्यासारखा आहे. गावात शंभरापैकी अठरा माणसे दुखण्याची तक्रार करीत असतील आणि त्यांपैकी एखाद्यालाच दाहक संधिवात असेल, तर तो एक जण गर्दीत हरवतो. मुळशीसारख्या भातपट्ट्यात आवणीच्या दिवसांत चिखलात वाकून काम करणाऱ्या बाईची कंबर आणि गुडघे दुखणे हे सर्वांना स्वाभाविकच वाटते. तिची टाच सकाळी टेकवत नसेल, बोट सुजून अंगठी निघत नसेल, उठल्यावर तासभर अंग आखडत असेल आणि काम सुरू केल्यावर उलट मोकळे होत असेल, तर ते श्रमाचे दुखणे नव्हे. श्रमाचे दुखणे विश्रांतीने कमी होते. दाहाचे दुखणे विश्रांतीनंतर अधिक जाणवते. हा एक भेद जरी आशा कार्यकर्ती, उपकेंद्रातील परिचारिका आणि शिक्षक यांना माहीत असला, तरी गर्दीतला तो एक जण सापडू शकतो.

त्याचे लवकर सापडणे का आवश्यक आहे, याचेही उत्तर आता उपलब्ध आहे. आयर्लंडमधील एका अभ्यासात २०१५ मध्ये असे दिसले की, निदानाला सहा महिन्यांहून अधिक विलंब झालेल्या रुग्णांत सांध्यांची झीज आणि अपंगत्व अधिक होते. त्याच वर्षी ब्रिटनमध्ये २०६ रुग्णांवर झालेल्या चाचणीत दर चार आठवड्यांनी तपासून ठरावीक उद्दिष्ट गाठेपर्यंत उपचार बदलत नेलेला गट आणि नेहमीप्रमाणे सुमारे बारा आठवड्यांनी तपासलेला गट यांची तुलना करण्यात आली. पहिल्या गटाची प्रकृती अधिक सुधारली. औषधाच्या निवडीइतकेच महत्त्व पाठपुराव्याला आहे, हे त्यातून सिद्ध झाले.

६. घोटावडे : औषधनिर्मितीचा टप्पा

दाहाच्या प्रक्रियेत 'टीएनएफ' या प्रथिनाची भूमिका १९८० व १९९० च्या दशकांत स्पष्ट झाली. एटानरसेप्ट हे औषध या प्रथिनाला रक्तातच पकडून ठेवते. ते रासायनिक संयोगाने बनविता येत नाही. सजीव पेशींच्या जनुकांत बदल करून, त्या पेशी मोठ्या पात्रांत वाढवून त्यांच्याकडून हे प्रथिन तयार करवून घ्यावे लागते. सोरायटिक संधिवाताच्या ६० रुग्णांवर त्याची चाचणी २००० मध्ये प्रसिद्ध झाली आणि २००२ मध्ये अमेरिकेत या आजारासाठी त्याला मान्यता मिळाली. या आजारासाठी मान्य झालेले हे पहिले जैविक औषध होते. त्याची किंमत मात्र सामान्य भारतीय रुग्णाच्या आवाक्यापलीकडे होती.

मूळ जैविक औषधाशी गुणवत्ता, सुरक्षितता व परिणामकारकता यांबाबत तुल्य असलेल्या औषधास जैवसदृश औषध म्हणतात. भारत सरकारने अशा औषधांसाठी २०१२ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. २०१४ मध्ये झायडस कंपनीने अडालिमुमॅब या अन्य टीएनएफरोधी औषधाचे जैवसदृश रूप भारतात आणले. मुळशीतील घोटावडे येथे ल्युपिनने विकसित केलेले एटानरसेप्ट याच परंपरेतील होय. जपानच्या योशिंदो कंपनीच्या सहकार्याने ते जपानमध्ये गेले. युरोपात मायलन कंपनीमार्फत 'नेपेक्स्टो' या नावाने त्याला मान्यता मिळाली. तुलनात्मक चाचणी ऱ्हुमॅटॉइड संधिवाताच्या रुग्णांवर झाली होती. दोन्ही औषधांचे तुल्यत्व सिद्ध झाल्यावर सोरायटिक संधिवातासह अन्य आजारांसाठीही ते ग्राह्य धरण्यात आले. अर्ध्या शतकापूर्वी शास्त्राने जे दोन आजार एकमेकांपासून वेगळे केले, ते येथे एका औषधाच्या निमित्ताने पुन्हा शेजारी आले.

येथे धरणाच्या इतिहासाची आठवण होणे स्वाभाविक आहे. तुलना फार ताणू नये. धरणाने गावे बुडविली. औषधाने कोणाचे घर बुडविलेले नाही, उलट अनेकांना रोजगार दिला. तरीही एक साम्य उरते. मुळशीच्या पाण्यापासून निर्माण झालेली वीज आपोआप मुळशीच्या वाड्यांत आली नाही. त्याचप्रमाणे घोटावड्यात तयार झालेले औषध केवळ अंतर कमी आहे म्हणून ताम्हिणीच्या रुग्णापर्यंत पोहोचेल असे नाही. वीज पोहोचण्यास तारा लागतात, तसे औषध पोहोचण्यास निदान, तपासणी, पैसा आणि पाठपुरावा यांची साखळी लागते.

७. उपचारांचे व्यवस्थापन : स्थानिक संदर्भ

ही साखळी कोठे तुटते, हे पाहिल्यास पुढील बाबी समोर येतात.

पहिली बाब क्षयरोगाची. टीएनएफ हे प्रथिन शरीरात दबलेल्या क्षयाच्या जंतूंना कोंडून ठेवण्याचेही काम करते. इन्फ्लिक्सिमॅब या टीएनएफरोधी औषधानंतर क्षय उद्भवलेल्या ७० रुग्णांची माहिती २००१ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यानंतर या वर्गातील औषधे सुरू करण्यापूर्वी सुप्त क्षयाची तपासणी करणे ही सर्वमान्य पद्धत बनली. भारतासारख्या देशात ही पायरी वगळणे म्हणजे एक आजार दाबताना दुसरा जागा करणे होय.

दुसरी बाब साठवणुकीची. हे इंजेक्शन २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात ठेवावे लागते. मुळशीच्या पश्चिम भागात मुसळधार पावसाच्या दिवसांत वीज व रस्ता दोन्ही बंद पडू शकतात. औषध देताना रुग्णाच्या घरी शीतकपाट आहे काय आणि पावसाळ्यात तो कोठे येऊ शकेल, हे विचारणे हाही उपचाराचाच भाग आहे.

तिसरी बाब निवडीची. महाग औषध म्हणजेच योग्य औषध, हा समज दूर झाला पाहिजे. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ८५१ रुग्णांच्या चाचणीत चोवीस आठवड्यांनंतर एटानरसेप्ट घेणाऱ्यांपैकी ६०.९ टक्के आणि मेथोट्रेक्सेट घेणाऱ्यांपैकी ५०.७ टक्के रुग्णांत ठरावीक प्रमाणात सुधारणा झाली. जैविक औषध सरस ठरले, हे निश्चित. परंतु निम्म्या रुग्णांना स्वस्त गोळीनेही लाभ झाला, ही गोष्ट आपल्या दृष्टीने तेवढीच मोलाची आहे. सौम्य आजारात वेदनाशामक दाहरोधके, सांध्यात दिलेले इंजेक्शन आणि व्यायाम. अनेक सांधे धरले असल्यास मेथोट्रेक्सेट वा तत्सम औषध. त्याने भागत नसेल किंवा मणका मुख्यत्वे ग्रस्त असेल तर जैविक औषधे, असा सर्वसाधारण क्रम आहे. टीएनएफरोधी औषधांखेरीज आयएल-१७ व आयएल-२३ या प्रथिनांना रोखणारी औषधे आणि पोटातून घ्यावयाच्या काही नव्या गोळ्याही आता उपलब्ध आहेत. याखेरीज वजन आटोक्यात ठेवणे, तंबाखू सोडणे, रक्तदाब व मधुमेह तपासणे हेही आवश्यक आहे. कारण या आजारात हृदयविकाराचा धोका वाढलेला असतो.

चौथी बाब लाजेची. जागतिक आरोग्य सभेने मे २०१४ मध्ये सोरायसिसविषयी ठराव करून रुग्णांना सोसाव्या लागणाऱ्या भेदभावाची दखल घेतली. १८९८ चा कुष्ठरोगविषयक कायदा २०१६ मध्ये रद्द झाला. कागदावरील कायदा गेला. तथापि लग्नाच्या बोलणीत चट्टे लपविणारी मुलगी आणि केशकर्तनालयात जाणे टाळणारा तरुण अजूनही आपल्या आसपास आहेत. त्यांतील काही आपल्या वर्गांतही बसलेले असतात.

८. निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात. सोरायटिक संधिवाताच्या इतिहासात औषधाच्या शोधाइतकीच महत्त्वाची गोष्ट म्हणजे दोन तक्रारींचा संबंध लक्षात येणे. तो लक्षात न आल्यामुळे शतकभर उपचार दिशाहीन राहिले. रुग्णाच्या आयुष्यात हाच इतिहास छोट्या प्रमाणावर पुन्हा घडतो : चट्ट्यांसाठी एक डॉक्टर, गुडघ्यासाठी दुसरा आणि दोघांमध्ये संवाद नाही. भिगवणच्या पाहणीने दाखवून दिले की, गावातील माणसे प्रशिक्षित झाली तर दुखण्याची मोजणी गावातच होऊ शकते. घोटावड्याच्या प्रयोगशाळेने दाखवून दिले की, जगाला लागणारे औषध मुळशीत तयार होऊ शकते. या दोन क्षमता एकाच जिल्ह्यात आहेत. त्यांना जोडणारा दुवा अद्याप घडवावयाचा आहे.

या कामी महाविद्यालयांना करता येण्याजोगी एक गोष्ट आहे. राष्ट्रीय सेवा योजनेची शिबिरे दरवर्षी गावोगाव होतात. त्या शिबिरांत स्थानिक आरोग्य केंद्राच्या मदतीने कॉपकॉर्डच्या धर्तीवर साधी पाहणी करता येईल. सकाळी सांधे किती वेळ आखडतात, एखादे बोट संपूर्ण सुजले होते काय, टाच दुखते काय, नखांवर खड्डे आहेत काय, अंगावर वा डोक्यात खवले आहेत काय, असे पाच प्रश्न पुरेसे आहेत. विद्यार्थ्यांनी निदान करावयाचे नाही. ज्याची उत्तरे 'होय' येतील त्याला योग्य डॉक्टरांकडे पाठवावयाचे आहे. विसाव्या शतकात वैद्यकशास्त्राने जो संबंध उशिरा ओळखला, तो मुळशीच्या वाडीतील रुग्णाच्या बाबतीत सहा महिन्यांच्या आत ओळखला जावा, एवढीच या अभ्यासातून निघणारी अपेक्षा आहे.